आयोडीन पिणारं तळं

— साखर तळाशी आहे, ढवळा म्हणजे लागेल. आणि तिथं नका बसू गोपाळराव, झोपाळ्यावर नको, ही खुर्ची घ्या. त्याची एक कडी सैल आहे, म्हणून. हं. आता पुन्हा एकदा सांगा, मघा तुम्ही फार भरभर बोललात, जालन्यापासून पाठ करत आल्यासारखं. सरांचं म्हणणं असं, की मी कलकत्त्याच्या संपादकांना एक तार करायची — लोणारच्या तळ्यावरचं माझं दोन पानी टिपण मागे घेते, छापू नये. एवढंच. आणि दुसरं म्हणजे, जानेवारीत महासागराच्या मोहिमेची बोट पुन्हा निघते आहे, तिच्यावर एक जागा रिकामी आहे, आणि सर ती मला देऊ शकतात. बोटीवर जाणारी पहिली बाई. — अट नाही म्हणता? नाहीच. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून, एकाच कपाच्या चहावर निघाल्या, पण अट नाही. बरं. मी अट म्हटलंच नव्हतं, तुम्ही म्हणालात.

माझं टिपण सरांपर्यंत पोचलं कसं, हेही मी विचारत नाही. संपादक दुसऱ्या कुणाचं मत मागवणार? पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचा, प्लवकांचा विषय निघाला की या देशातली सगळी पाकिटं सरांच्याच टेबलावर जातात. मी संपादक असते तर मीही तिथंच पाठवलं असतं. पण सरांना नुसतं 'छापू नये' असं लिहिता आलं नाही — बरोबर? कारण पुढे कारण द्यावं लागतं, आणि कारण तर नाही. म्हणून तुम्हाला धाडलं. रात्रभर रेल्वे, मग एस्टी, दुसरबीडची ती सगळी धूळ, कॉलरवर अजून आहे बघा तुमच्या. सर स्वतः आले असते तर — नाही, जाऊ द्या. ते आले असते तर मी भजी तळली असती आणि कदाचित तारही केली असती. बरं झालं तुम्ही आलात.

हसता काय? थांबा, एक गोष्ट दाखवते. हा ग्लास. यात तळ्याचं पाणी आहे, आज सकाळी खाली उतरून आणलं. हिरवं दिसतंय ते शेवाळ, ते तर सरांनाही मान्य आहे. आणि ही बाटली ओळखता — आयोडीन. शाळेच्या प्रयोगशाळेतलं आहे, पण बनवलंय सरांच्याच मापानं. तळ्याचा नमुना घेतला की आयोडीनचे थेंब सोडायचे, पाण्याला चहाचा रंग आला की बूच लावायचं, मग आतले जीव जसेच्या तसे टिकतात, सवडीनं मोजत बसा. सरांनीच शिकवलं आपल्याला. पवईला चाललं, खडकवासल्याला चाललं, काश्मिरातसुद्धा चाललं. घ्या, सोडते. आला रंग? आता त्याच्याकडे बघत राहा, माझ्याकडे नको. — फिका व्हायला लागला ना? सोजराबाई, उजेड अडवू नका, सरका जराशा — आमच्याकडे भांडी घासते ती, पण पाहुणा आला की भांडी आपोआप थांबतात. — आता? सरबताएवढा उरला. आणि आता गेला. हा खार आयोडीन पितो, गोपाळराव. या गावानं या पाण्यातून पिढ्यान्‌पिढ्या खार काढला, तो साबणात गेला, पापडात गेला, बांगड्यांच्या काचेत गेला, आणि सरांना वाटलं तो आपल्या बाटलीत गप्प बसेल. आयोडीन गेल्यावर उरलं काय? नुसतं पाणी, त्यात बूच लावून कोंडलेले जीव, आणि वर मालगाडीचा तीन आठवड्यांचा प्रवास. उघडली तेव्हा सडक्या अंड्यांचा वास आला असेल आणि तळाशी गाळ. त्या गाळाकडे बघून सरांनी आपल्या नव्या पुस्तकात लिहिलं, की लोणारच्या तळ्यात प्राणी नाहीत, हे पाणी मेलेलं आहे. ते पाणी तुमच्या बाटलीत मेलं. इथं नाही.

तुमची चूक आहे असं मी टिपणात कुठंही लिहिलेलं नाही, वाचलं असेल तुम्ही. पद्धत सरांची. सगळ्या तळ्यांना एकच काढा. एकच विचारते. ते नमुने न्यायला आलात त्या दिवशी तुम्ही जीप वर काठाला लावलीत, खाली उतरलात, बाटल्या भरल्यात, आयोडीन घातलंत — आणि मग वर चढून येईपर्यंत — ती चढण काय थोडी आहे, दम लागून दोनतीनदा बसलाच असाल — तोवर बाटल्यांचा रंग गेला होता ना? दिसलं होतं तुम्हाला. — पेटीत होत्या? पेटी बंद होती? बरं. — उठताय कशाला, बसा. — नाही हो, मी कुणाला सांगणार नाही. सांगायचं असतं तर लिहिलं असतं. मला फक्त खात्री करून घ्यायची होती की ते दिसतं. डोळे असलेल्या कुणालाही दिसतं.

सरांचं मी वाईट चिंतत नाही, हे मात्र त्यांना जरूर सांगा. सुई धरायला त्यांनी शिकवलं मला. नागपूरहून पदवी घेऊन मी किनाऱ्यावर, सरांच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा मी समुद्र पाहिलेलासुद्धा नव्हता, आमच्या घरात कुणीच पाहिला नव्हता. आमचे बाबा महादेवराव, इथलेच, लोणारचे, मेहकरला तहसिलीत कारकून. त्यांना गावात लोक विचारायचे, "महादेवराव, पोरगी काय शिकून राह्यली?" बाबा म्हणायचे, "पाण्यातले जीव." — "मंग डॉक्टरीण होते का?" — "नाई." — "मंग मासे धरते का?" — "नाई, त्याहून लहान." — "मंग कायले?" मग ते म्हणायचे, "समुद्रात किती हायेत ते मोजून राह्यली." आणि लोक आपापल्या वाटेला लागायचे. मोजणं म्हणजे सरकारी काम, ते कशाला म्हणून कुणी विचारत नाही.

तर मोजत होते. तुम्ही लोक बोटीवर जायचात, जाळी टाकायचात, बाटल्या भरून आणायचात, आणि आम्ही, मी आणि प्रतिमा, त्या मागच्या खोलीत बसून एकेक बाटली काचेवर ओतून सुईनं वेगळं करायचो — झिंग्यांची पिल्लं इकडे, बाणासारखे किडे तिकडे, माशांची अंडी तिसऱ्या बशीत. निम्मं आयुष्य गेलं त्या खोलीत, समुद्र खिडकीतून ऐकू यायचा फक्त. तुमच्या बाटल्या मी चिठ्ठी न वाचता ओळखायची. जाळं घाईघाईनं वर ओढलेलं असायचं, आतल्या सगळ्या जीवांच्या मिशा मोडलेल्या. जाळं धुतलेलंही नसायचं नीट, आदल्या ठिकाणचे जीव तसेच चिकटलेले. मी प्रतिमाला म्हणायची, आज गोपाळराव कठड्याला धरून ओकत होते वाटतं. — खोटं आहे का? अहो, लाजता कशाला, एवढी वर्षं झाली. सरांनी विचारलं तर मी म्हणायची, समुद्र खवळलेला होता वाटतं, सर. सातदा जाऊन आलात तुम्ही. सातदा ओकलात आणि सातदा जाऊन आलात.

मला ओकारी आली असती की नाही, कुणाला माहीत? मला खाडीच्या तोंडापुढे कुणी नेलंच नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा सर म्हणाले, बोटीवर बायकांसाठी मोरी नाही. मी म्हटलं, एक बादली द्या आणि एक पडदा. हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, खलाशी तयार नाहीत. मी म्हटलं, खलाशांशी मी बोलते. तिसऱ्यांदा म्हणाले, शरयूबाई, आता तुमचं वय. — म्हणजे मधे कुठं तरी एक वर्ष असं असणार, की जेव्हा मोरी झाली होती, खलाशी तयार होते आणि माझं वयही बसत होतं. ते नेमकं कधी होऊन गेलं ते मला कुणी कळवलं नाही. — आता आहे का मोरी? आहे? वेगळी? आतून कडी लागते? — सहज विचारलं. आणि झोपायला काय असतं? फळ्या, एकावर एक. वरची बरी की खालची? ती खिडकी गोल असते ना, चित्रात असते तशी — उघडते का ती? — राहू द्या, मला काय करायचंय.

बाबांना अर्धांगवायू झाला म्हणून मी इथं परत आले, महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी. बाबा गेले, मी राहिले. शाळेत विज्ञान शिकवते आणि तळ्यावर जाते. तिकडे असताना मी 'मला, तुला' म्हणायची, कारण 'मले' म्हटलं की तुम्ही सगळे रुमाल तोंडाला लावायचात. आता मले काई वाटत नाई. लावा रुमाल. — आणि या सोजराबाईला विचारा, ती काय म्हणते माझ्या संशोधनाला. "बाई, रोज जाळं घेऊन तळ्यावर जाता, भाजी तं कधी शिजली नाई." तिचंही मत हेच, "त्या पाण्यात काई नाई बाई, बेडूक बी नाई." सर आणि सोजराबाई, दोघांचं एकमत आहे, फक्त सोजराबाईनं ते पुस्तकात छापायला दिलेलं नाही. मी तिला मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. पाहिलं आणि मागे सरकली. "हे तं नाचून राह्यले." मग पदर खोचून पुन्हा पाहिलं. तेव्हापासून ती विहिरीचं पाणीसुद्धा उकळून पिते, आणि जळण माझं जातं.

नाचतातच ते. रोटिफर. डोक्यावर केसांची चकती, ती गरगर फिरवत पुढे सरकतात. या पाण्यात हात बुडवला तर कातडी बुळबुळीत होते, कपडे धुताना साबण लागत नाही, आणि तिथं हे मजेत आहेत. वाळूच्या कणाएवढी मादी, अंडी मागे बांधून हिंडते. नर बहुतेक नसतोच, त्याच्यावाचून अडत नाही तिचं. — हसू नका, मी रोटिफरांबद्दल बोलतेय. थंडीत वेगळे, उन्हाळ्यात वेगळे, धारेचं, वरच्या झऱ्याचं गोडं पाणी जिथं तळ्यात उतरतं तिथं आणखी वेगळे. मी नमुना घेते तो त्याच दिवशी, जिवंत बघते. टिकवायचा असेल तर आधी शाळेतला शिरका, म्हणजे व्हिनेगर, घालायचा, पाणी सोड्यासारखं फसफसतं, खार शांत होतो, मग आयोडीन राहतं. एवढीच युक्ती. सरांना मी दोनदा लिहिलं होतं हे. कलकत्त्याला टिपण पाठवलं ते नंतर. सरांनी एक ओळ बदलायची होती, त्यांचंच नाव झालं असतं, मी वर चकार शब्द काढला नसता. उत्तर नाही आलं. — मिळालं नसेल म्हणता? दोन्ही?

तुम्ही सारखे झोपाळ्याकडे बघताय. त्या फळीवर स्क्रू कसले म्हणता — काही नाही, ते — मायक्रोस्कोप बसवायचे. — बरं, कडी सैल नाही. मी खोटं बोलले, तुम्ही तिथं बसायला नको होतात मला. तुम्हीच एकदा सांगितलं होतं, बोट हलते, हलत्या काचेतून बघितलं की पोटात ढवळतं, म्हणून बोटीवर कुणी जिवंत जीव बघत नाही, सगळं मारून बाटलीत भरून आणतात. मी म्हटलं, सवय केली तर? तर संध्याकाळी शाळेतून आल्यावर सोजराबाई झोका देते आणि मी काचेतून मोजते. पहिल्यांदा घेरी यायची, जेवण जायचं नाही. आता काही होत नाही. आळीत सांगत असते ती, "बाई झोक्यावर बसून डोळे फोडून राह्यल्या." — कधीपासून? बाबा गेल्यापासून. — हो, तेव्हा बोटीची काहीच आशा नव्हती. नव्हतीच. म्हणून काय झालं? आशा असती तर वाट बघत बसले असते, नव्हती म्हणून सराव केला. — असं बघू नका माझ्याकडे, कीव करायला तुम्हाला एवढ्या लांब पाठवलेलं नाही. सरांनी काय पाठवायचं ते नीट निवडून पाठवलंय. पगार वाढवून देतो असं नाही म्हणाले, मोठी जागा देतो असं नाही म्हणाले. माझी किंमत त्यांना बरोबर ठाऊक आहे.

पण तार मी करणार नाही. — एक वर्ष? वर्षभर थांबा, पुस्तक छापून येऊ द्या, सरांना निवृत्त होऊ द्या, मग तुमचं टिपण टाका, असं? गोपाळराव, पुस्तकाचं काय होतं ते तुम्हाला माहीत नाही? पोरं परीक्षेला पाठ करतात — लोणार, खारं, निर्जीव. तीच पोरं मास्तर होतात आणि तेच शिकवतात. मग पुढचा माणूस बाटली घेऊन इथं उतरतोच कशाला? मेलेलं बघायला कोण येतं? एका पानानं हे तळं पन्नास वर्षं बंद होईल. — एकच पान आहे म्हणता. हो, एकच. माझं तळंही एकच आहे.

आणि तेही सोडा. समजा केली तार. समजा बसले बोटीत, गोल खिडकीशी. जाळं टाकलं, हळू ओढलं, तुमच्यासारखं नाही, सावकाश, एकाचीही मिशी न मोडता. बाटली भरली, चिठ्ठीवर लिहिलं, अमुक ठिकाणी अमुक सापडलं, खाली सही केली, शरयू. ती वाचणाऱ्यानं खरी का मानावी? हीच ना ती बाई, जिनं डोळ्यांनी पाहिलेलं असून तार केली की पाहिलं नाही? मी त्या खोलीत बसून तुमच्या एकेका बाटलीवर विश्वास ठेवत आले. तुम्ही ओकत होतात, पण चिठ्ठीवर ठिकाण खरं लिहायचात, तेवढं मला पुरायचं. आमचं सगळं काम एवढ्यावर उभं आहे. दुसऱ्या कुणी तरी, आपण नव्हतो तिथं, जे दिसलं तेच लिहिलं असेल. ते काढून घेतलं तर उरतं काय — खारं पाणी.

तेव्हा सरांना सांगा. टिपण जातं आहे. आणि जागा मी मागते आहे — हो, दोन्ही. ऐकलं तुम्ही बरोबर. मोरी झाली आहे, खलाशांचं आता कुणी नाव काढत नाही, आणि वय म्हणाल तर आपण दोघं एकाच वर्षाचे. तारेवाचून देत असतील तर मी जानेवारीत धक्क्यावर हजर आहे, ट्रंक भरलेलीच — म्हणजे भरायला काही वेळ लागणार नाही. देत नसतील तर तसं त्यांनी मला स्वतः लिहावं, तुमच्या तोंडून नको. तुम्ही बिचारे मधल्यामध्ये. — नाही देणार, मलाही माहीत आहे. तुम्ही सांगायची गरज नाही. मान हलवू नका अशी, मी काही रडत नाहीये, तो आयोडीनचा वास आहे.

उठा आता. चारची गाडी चुकली तर मुक्काम पडेल, आणि माझ्याकडे पाहुण्याला द्यायला खाट नाही. त्या बाजूनं नका जाऊ, चिखल आहे, सोजराबाईनं भांड्यांचं पाणी ओतलंय. — एक विचारू, जाता जाता? बोट अगदी मध्यावर जाते, कुठल्याच बाजूला जमीन दिसत नाही, असं होतं ना? तेव्हा पाण्याचा रंग — तुम्ही बाटल्यांवर नेहमी निळा लिहायचात, सगळ्यांवर निळाच, मला कधी पटलं नाही ते. आणि अंधार पडल्यावर जाळं वर ओढलं की म्हणे ते पेटल्यासारखं दिसतं, हातावर सांडलं तरी हात उजळतो, खरंच तसं —

नको. सांगू नका. काही सांगू नका मला. निघा.